नदीकाठचं वळण

रेल्वेची छोटी लाइन बंद झाली, रूळ उचलले गेले आणि नदीकाठच्या त्या पट्ट्यावर पायी फिरणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी रस्ता झाला. शहराच्या लष्कर भागातले सगळे तिथं फिरून आले. सदाशिवराव तेवढे गेले नव्हते. तीस वर्षं त्याच लाइनवर त्यांनी गाडी चालवली होती.

एका रविवारी सकाळी मंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. सदाशिवरावांच्या धाकट्या भावाची, सूर्याजीची विधवा. "भाऊजी, हे गेले ती जागा मला बघायची आहे. तुमच्याशिवाय कोण दाखवणार?"

सदाशिवरावांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी पायात चप्पल सरकवली.

सूर्याजी शहराबाहेरच्या एका कारखान्यात कामाला होता. संध्याकाळी भावाच्याच गाडीनं परतायचा. स्टेशन घरापासून लांब, म्हणून नदीच्या वळणावरच उडी मारायचा. सत्तावीस वर्षांपूर्वी तिथं त्याचा पाय सटकला आणि तो चाकाखाली आला.

दोघं चालत राहिले. खाली पाणी काळपट, संथ. मागून एक मुलगी सायकलची घंटी वाजवत आली, "अंकल, ज़रा साइड में!" म्हणत पुढं निघून गेली. वळणावर आता सिमेंटचा बाक होता. सदाशिवराव थांबले.

"इथं." मग म्हणाले, "मंदा, एक सांगायचं राहिलंय. सूर्यासाठी मी रोज इथं गाडी हळू करायचो. त्या दिवशी उशीर झाला होता, साहेबांनी सकाळीच फैलावर घेतलं होतं. मी हळू केली नाही."

मंदाताई पाण्याकडे बघत राहिल्या. "माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच. घरी येऊन कौतुकानं सांगायचे, दादा माझ्यासाठी गाडी हळू करतो. मग त्या दिवशी काय झालं असेल, ते मला कळणार नाही का? तुम्ही येऊन सांगाल म्हणून वाट पाहिली. माझ्या अंशुलच्या लग्नात तुम्ही त्याच्या वडिलांच्या जागी बसलात. तेव्हाही वाटलं, आज तरी सांगतील."

सदाशिवरावांनी हात जोडले. मंदाताईंनी तिकडे पाहिलं नाही.

"एकच सांगा. ह्यांनी हाक मारली होती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. "मारली होती. 'दादा' म्हणून. ऐकली मी. वाटलं, आज उडी नाही मारणार, स्टेशनवर उतरेल."

मंदाताई बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सूर्याजीला उचललं तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. सदाशिवराव हातभर अंतरावर उभे होते. जवळ जायचा हक्क आपल्याला उरला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

ऊन चढल्यावर त्या उठल्या. "मी जाते. तुम्ही मागून या."

त्या दिवाळीला फराळाचा डबा नेहमीसारखाच आला, पण अंशुलच्या हाती. मंदाताई आल्या नाहीत. पुढंही कधी आल्या नाहीत.