सवडीनुसार यावे

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेचा एक कोपरा फुटलाय, पाठीला चिकटपट्टी लावलीय, पण लिहायला सांगा, अजून कुणाला हार जाणार नाही! म्हसावदच्या बसथांब्याजवळ हेमकांतचं अर्ज लिहून देण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या टेबलावर मी असतो. सुरतेहून त्याने मला सेकंडहँड आणलं आणि माझ्यात ते कृत्रिम बुद्धीचं ॲप टाकलं. तेव्हापासून माझा भाव वधारला बरं का.

काम सोपं होतं. माणसाने माझ्यापुढे आपल्या अहिराणीत बोलायचं, हेमकांतने ‘शुद्ध करा’ दाबायचं, की मी त्याचं कागदी मराठी करून द्यायचो. विहिरीच्या मोटारीची तक्रार असो, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असो, केळीवरच्या करपा रोगाची माहिती असो. पूर्वी अर्ज तीन-तीनदा परत यायचे, आता पहिल्या फेरीत घेतले जायचे. एकदा अर्ज करून घ्यायला आलेले चुनीलालशेठ म्हणाले, “हाऊ डबा तं वकीलना बाप शे!” मी असा फुगलो म्हणता! आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

कारण मग एक दिवस कौसाबाई आली. साठीची बाई, दोन जिने चढल्यासारखी धापा टाकत होती. तिचा मुलगा चंदन सुरतेच्या कारखान्यात कामाला. त्याने लहानपणापासून वाढवलेली घोडी तिने सारंगखेड्याच्या यात्रेत त्याला न विचारता विकली होती. नवरा गेल्यावर घोडीचं चारापाणी तिच्याने होईना, दुसरं काही नाही. पण चंदन जो रुसला, तो आठ महिने तिचा फोन उचलत नव्हता. आणि डॉक्टरांनी तर तिला सांगून टाकलं होतं की हृदय फार थकलंय.

हेमकांत म्हणाला, “माय, तू बोल, तुन्हा आवाजच धाडी देस त्याले.”

ती चटकन म्हणाली, “नको रे भाऊ. मन्हं गावठी बोलनं. त्यानासंगे शिकेल लोक ऱ्हातस, हासतीन त्याले. चांगलं लिखीसन धाड, कागदवर लिखतस तसं.”

आमच्याकडे हे असंच आहे. घरात, शेतात, बाजारात अहिराणी, पण कागद आला की माणसं आपलीच बोली पदराआड लपवतात.

मग ती माझ्यापुढे वाकून बोलली, “चंदन, तुन्ही घोडी मी ईकी टाकी, चुकनं मन्हं. तू माले काय बोलनं ते बोल. पन घर ये बेटा. मन्हा जीव बरा नही शे. आजच निंघ. तुले एक डाव दखनं शे माले.” बोलता बोलता तिला रडू आलं.

हेमकांतने सवयीने ‘शुद्ध करा’ दाबलं. आणि मी काय लिहिलं? ‘प्रिय चंदन, घोडीच्या विक्रीबाबत झालेल्या गैरसमजाबद्दल खेद वाटतो. माझी प्रकृती किंचित अस्वस्थ आहे. तरी आपण सवडीनुसार भेटीस यावे, ही विनंती.’

सवडीनुसार! हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नव्हता. अर्जात शोभतो म्हणून मी तो घातला. दुकानात गर्दी होती, हेमकांतने वरवर नजर फिरवली आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘आदरणीय आई, आपला संदेश प्राप्त झाला. कृपया प्रकृतीची काळजी घ्यावी. कामाच्या व्यापातून सवड मिळताच अवश्य येईन.’ मी ओळखलं, हे माझ्याच एखाद्या भावंडाने लिहिलेलं आहे. हेमकांतने तिला ते दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तो माले माय म्हनस. आई कोन?” मग उठून गेली.

तिचा निरोप धाडल्यापासून एकोणिसाव्या दिवशी कौसाबाई वारली.

चंदन आला तो सुतक फिटण्याच्या विधीची, गंधमुक्तीची, पत्रिका छापायला, डोकं मुंडवून. खुर्चीत बसला आणि आपला मोबाईल हेमकांतपुढे धरला. “तिनीच लिखेल शे ना भो, सवडीनुसार ये म्हनी. मी शनवारनी सुट्टी टाकेल व्हती. त्यानाआधीच माय गई.”

हेमकांतचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “तिनी तसं सांगेल नव्हतं रे. आजच निंघ, म्हने. रडी ऱ्हायनी व्हती.”

चंदनने मला दोन्ही हातांनी उचललं. “तिन्हा आवाज शे का यामा?”

नव्हता, मित्रांनो. बोललेलं लिहून घ्यायचं आणि आवाज टाकून द्यायचा, अशीच माझी घडण आहे. आठ महिन्यांनी आई त्याच्याशी बोलली होती आणि तिचं ते बोलणं मी पुसून टाकलं होतं.

पत्रिकेचा मजकूर तयार करायला हेमकांतने मला सुरू केलं. चंदन माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, “माय वं, मी उनू. माफ कर माले. मी उनू ना वं माय.” गेलेल्या आईला आपण आल्याचं असं सांगत तो टेबलावर डोकं टेकून हमसून रडला.

मी लिहिलं, ‘आमच्या मातोश्रींचे दुःखद निधन झाले असून, सर्व आप्तेष्टांनी उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.’

हेमकांतने शंभर प्रती काढल्या.

मित्रांनो, अर्ज माझ्याकडून खुशाल लिहून घ्या, तक्रारी लिहून घ्या, त्या कामाला मी आहेच. पण तुमची माय तुमच्यावर किंवा तुम्ही मायवर रुसला असाल, तर मला हात लावू नका. हात जोडतो. जशी येते तशी, अडखळत, रडत, भांडत, आपल्या तोंडाने बोला. आणि आजच निघा.