चौथी कड

मोन्तेस्पीनाच्या चर्चमधली मेरीमाता बेनिन्योने रंगवलेली आहे असं प्रोफेसरांनी जाहीर केलं, तेव्हा गावाने नाक मुरडलं. बेनिन्यो म्हणजे प्रबोधनकाळातला केवढा बडा चित्रकार! त्याच्या एकेका चित्रापायी संग्रहालयं एकमेकांच्या उरावर बसतात. पण गावाच्या मते ही माता प्रत्यक्ष येशूच्या काळातल्या संत लूकने, खऱ्या मेरीला समोर बसवून रंगवलेली होती. त्यांच्या लेखी बेनिन्यो म्हणजे सरळसरळ घसरण.

ओर्नेला मारोत्झी याच गावची, शहरात शिकून जुन्या चित्रांच्या डागडुजीत मुरलेली. संत लूकच्या गोष्टीचं तिला हसू यायचं. बेनिन्योचं मात्र येत नव्हतं, कारण त्या नावामागून संग्रहालयाची गाडी येणार होती. प्रांताच्या संग्रहालयात, चर्चच्या वेदीमागे लावायच्या बेनिन्योच्या एका तीन फळ्यांच्या चित्रातले दोन बाजूंचे संत होते आणि मधली जागा रिकामी होती. प्रोफेसर बेल्फोर्तींचं म्हणणं असं, की मधली माता ती हीच. मूळची उभी होती, कुणीतरी कमरेखाली करवत फिरवली आणि वरचा तुकडा या डोंगरात आणून दिला. हे एकदा ठरलं की माता कायमची शहरात जाणार होती.

गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली होती. तिच्याच एका वर्गात, खिडकीच्या उजेडात, ओर्नेलाने चित्र मांडलं होतं. दोन हातांत सहज उचलता येईल एवढी ती फळी. मातेच्या कुशीत बाळ, आणि खालच्या कडेला चांदीची पट्टी खिळ्यांनी ठोकलेली.

"तीन कडा मूळच्याच आहेत, प्रोफेसर," ओर्नेला म्हणाली. "तिथे करवत लागलेली नाही."

"मग चौथी दाखव," प्रोफेसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त आपल्या शोधाच्या प्रेमात पडला होता. "सोमवारी संग्रहालयाची समिती येतेय. पट्टी निघाली नाही तर माझं म्हणणं धरतील. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच होईल."

पट्टी काढायला कुणी हात धरला नव्हता. पण गावात कुणी बाई पोटुशी असताना ती पट्टी उचलायची नाही, बाळंतपण अडतं, असा नियम होता. बाळंतिणीच्या उशाशी माता नेऊन ठेवायची, ही तर त्याहून जुनी रीत. गेली कित्येक वर्षं गावात पाळणाच हलला नव्हता, तेव्हा पट्टी शंभरदा काढता आली असती. नेमका आत्ताच बेकरीतल्या द्रिताला नववा लागला होता.

ओर्नेला पाल्मीराकडे गेली. चर्चच्या किल्ल्या पाल्मीराकडे असत, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्दही. म्हातारी टेबलभर पसरलेली पास्त्याची पोळी लांब लाटण्याने लाटत होती.

"मावशी, फळीला आधी चौकट ठोकायचे, मग खडू आणि सरसाचा लेप द्यायचे. लेप चौकटीला टेकतो तिथे बारीक उंचवटा उभा राहतो. चौकट निघाली तरी तो राहतो. आमच्या धंद्यात त्याला दाढी म्हणतात. करवत फिरली की दाढी जाते."

"मातेला दाढी! पाद्रीबाबांसमोर बोलू नकोस हे."

"खालच्या कडेला दाढी निघाली, तर माता कापलेली नाही. आपलीच आहे."

"आणि नाही निघाली तर?"

"तर तसं लिहीन."

पाल्मीराचं लाटणं थांबलं. "म्हणजे आपल्याच हाताने देऊन टाकशील?"

"खोटं लिहून राखलेली माता मला नको, मावशी. पण न बघता हातची जाऊ दिलेली तर मुळीच नको."

"द्रिता पोटुशी आहे. विषय संपला."

ओर्नेलाला घाई होती, आणि घाईत माणूस नको ते बोलतो. "द्रिता अल्बानियाची. त्यात मुसलमान. तिला कुठला लागू होतोय हा नियम?"

पाल्मीराने लाटणं टेबलावर असं आपटलं की पीठ उडालं. "लाज नाही वाटत? पोट ते पोट! कळल्या दिवशी मी तिच्या नावाची मेणबत्ती लावली. एवढ्या वर्षांनी गावात कुणी बाळंत होतंय, आणि तू तिला परकी ठरवतेस? शहरात हेच शिकलीस?"

ओर्नेलाची मान खाली गेली. म्हातारीचं खरं होतं आणि ते झोंबलं. पण ती उठली नाही.

"चुकलं माझं. मग तिलाच विचारते. ती नको म्हणाली तर मी पट्टीला बोट लावणार नाही."

पाल्मीराने पोळीवर फडकं टाकलं. "मी पण येते," ती शेवटी म्हणाली आणि हात पुसले.

द्रिता बेकरीच्या वर राहायची. तिने सगळं ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवून.

"पट्टीखाली काय आहे?"

"माहीत नाही," ओर्नेला म्हणाली.

"पाल्मीरा आजी, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते, पोरी."

"मला तर नऊ महिने सगळ्याचीच वाटतेय. त्यात आणखी एक." द्रिता हसली. "चला. पण खिळे मी काढणार. बाळंतपण माझं, तर हातही माझा."

आणि तिनेच काढले. ओर्नेला पक्कड कशी धरायची ते दाखवत होती, पाल्मीरा डोळे मिटून पुटपुटत होती. शेवटचा खिळा निघाला आणि पट्टी सुटली. खाली सगळं काळं होतं.

"जळलंय!" पाल्मीरा ओरडली. तिने पुढे होऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मेणबत्त्या गं. खाटेपाशी माता ठेवायची आणि पुढ्यात मेणबत्ती. कुणीतरी फार जवळ ठेवली. आपल्याच बायांनी जाळली, आणि लाजेने वर चांदी ठोकली!"

ओर्नेलाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं भिंग कडेवरून सरकत होतं. मध्यभागी नुसता कोळसा, दाढी नाही, लेप नाही, काहीच नाही. ती डाव्या कोपऱ्याकडे वळली, ओल्या बोळ्याने काजळी टिपली, पुन्हा टिपली. काळा, बारीक उंचवटा बोटाला लागला. उजवीकडेही तोच, अगदी जळालेल्या जागेपर्यंत आलेला.

"आहे," ती म्हणाली. "मावशी, दाढी आहे!" आणि तिला रडू फुटलं.

सोमवारी प्रोफेसर त्या कडेवर इतका वेळ वाकून राहिले की समितीतले लोक चुळबुळ करू लागले.

"कापलेलं नाही," ते सरळ होत म्हणाले. "ही फळी पहिल्यापासून एवढीच होती. म्हणजे ती मधली माता ही नव्हे, आणि बेनिन्योचं नाव घ्यायला दुसरा आधारच नाही."

"मग कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही कसं?" पाल्मीरा मागून कडाडली. "संत लूकचं! किती वेळा सांगायचं तुम्हाला!"

माता गावाला मिळाली, पण अटींवर. हलवायची नाही, मेणबत्ती लावायची नाही, हात लावायचा नाही. ओर्नेलाने खाली सही केली. अटी तिनेच सुचवल्या होत्या. अहवालात तिने एक किरकोळ ओळही लिहिली होती, की फळीच्या दोन्ही उभ्या कडा एकेका जागी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, कारण अज्ञात.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, पाल्मीरा धापा टाकत शाळेच्या दारात आली. द्रिताला कळा लागल्या होत्या आणि अँब्युलन्स खाली दरीतल्या रस्त्यावर अडकली होती. बेकरीवाल्याची बायको तिच्यापाशी होती. एके काळी ती सुईण होती.

"माता आण."

"मावशी, मी सही केलीय!"

"मग वाळली असेल आतापर्यंत. उचल!"

ओर्नेलाने एक क्षण टेबलाकडे पाहिलं. मग फळी ब्लँकेटमध्ये गुंडाळून छातीशी धरली आणि ती पळत सुटली. पळता पळता तिने मागे वळून बजावलं, "मेणबत्ती नाही हं!" पाल्मीराने हातातली मेणबत्ती मुकाट्याने खिशात टाकली.

द्रिता खाटेवर उशीला टेकून बसली होती, घामाने निथळत. ओर्नेलाने माता तिच्या गुडघ्यांपाशी उभी धरली, नीट दिसेल अशी. तेवढ्यात मोठी कळ आली. द्रिताने समोर जे होतं ते दोन्ही हातांनी गच्च पकडलं.

ओर्नेलाचा हात आपोआप पुढे झाला, तिची बोटं सोडवायला. सगळं आयुष्य तिने लोकांना हेच सांगितलं होतं, हात लावू नका. आणि तो हात तिथेच थांबला. द्रिताची बोटं दोन्ही कडांच्या झिजलेल्या जागी बसली होती, इकडे चार, तिकडे चार, मापाने करून घेतल्यासारखी.

ओर्नेलाने फळी खालून दोन्ही हातांनी भक्कम पेलली.

"धर," ती म्हणाली. "घट्ट धर, द्रिता. धरण्यासाठीच आहे ती."