दहा हात

ताम्हणाचं झाड लावल्याच्या तिसऱ्या दिवशी कुमुदचं घर चार बोटं मागं सरकलं. पायपुसणं मात्र जागच्या जागी राहिलं, म्हणून तिच्या लक्षात आलं. तिनं ते उचललं, झटकलं, पुन्हा पायरीला लावून ठेवलं आणि झाडाला पाणी घालायला गेली. चौथ्या दिवशी परत तेच.

पाचव्या दिवशी मागच्या बंगल्यातल्या नंदाताई कुंपणाच्या भिंतीवरून डोकावल्या.

"कुमुदताई, तुमची मोरी आमच्या भिंतीला टेकली हो. बांधकाम काढलंय का?"

"नाही हो. झाड लावलंय."

"मागं?"

"पुढं, दारात."

"मग बरोबर," असं म्हणून नंदाताई कुरडयांचं ताट घेऊन आत गेल्या.

झाड लावलं ते वामनरावांसाठी. वामनराव म्हणजे कुमुदचे यजमान, तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेले. नावाचे तेवढे वामन. बाकी प्रत्येक चौकटीला डोकं आपटून घेणारा उंच माणूस, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "मोज." भूक लागली तरी मोज, कूस बदलायची असली तरी मोज. मागच्या खोलीत पडून असत. तिथल्या खिडकीतून कुंपणाची भिंत दिसायची, दुसरं काही नाही. दारात एक फुलाचं झाड लावावं आणि ते फुललं की ह्यांना खुर्चीत घालून पुढं आणावं, एवढंच कुमुदच्या मनात होतं. दोन वर्षं भिंत बघितलेल्या माणसानं एकदा तरी जांभळं काहीतरी बघावं.

नर्सरीवाल्या खराडेमामांनी आधी बहावा दाखवला, मग कांचन. बहाव्याच्या शेंगांचा केर तिला नको होता. कांचन तिला आवडला होता, पण वामनरावांना तो कधीच आवडला नव्हता. "मग ताम्हण न्या," मामा म्हणाले. "दोन बाय दोनचा खड्डा, चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पाणी आळ्यात घालायचं, बुंध्यावर नाही. आणि घरापासून दहा हात सोडून लावा."

कुमुदनं तसंच केलं होतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात जमिनीला टेकवत, गुडघ्यांवर सरकत, दहा वेळा मोजलं होतं.

"हात कुणाचा धरलात?" ती विचारायला गेली तेव्हा मामांनी मोगऱ्याच्या पिशव्यांतून मान वर न करता विचारलं.

"माझा. आणखी कुणाचा?"

"कर्त्या माणसाचा धरायचा असतो, ताई."

"ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"हे काय सांगायचं असतं? हाताला चार बोटं कमी पडली. झाडाला जागा पुरंना. झाड तर सरकायचं नाही, मग घर सरकतंय."

"मग झाडच काढते."

"मुळं धरली त्यानं. आता काढलंत तर कशापासून लांब जायचंय ते घराला कळायचं नाही. ते जातच राहील."

कुमुदनं हिशेब केला. "दहा हातांची चाळीस बोटं. दहा दिवसांत भरतील, मग थांबेल."

"घराला मोजता कुठं येतं?" मामा म्हणाले.

चाळीस बोटं भरली, तरी तेराव्या दिवशी घर सरकलंच. कुंपणाची भिंत हलेना, म्हणून ते आतून अरुंद होत गेलं. मोरीत कुमुद अंग तिरकं करून अंघोळ करू लागली. स्वयंपाकघरात पोळी लाटायची तर कोपर दाराबाहेर काढावं लागे. एका सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली आणि घराला स्पष्ट म्हणाली, "हे बघ, आता कर्ती मी आहे. दोन वर्षं झाली. माझाच हात धर." त्या दिवशी घर आठ बोटं सरकलं.

मागच्या खोलीत कॉट मावेना, तेव्हा तिनं ती उभी करून काढून टाकली आणि वामनरावांनाही उभं केलं. आधाराला बांबू लावला. सुतळीचा वेढा इंग्रजी आठासारखा घातला, सैलसर, म्हणजे वारा आला तरी सुतळी काचत नाही. झाडालाही तिनं तसाच घातला होता. खोलीबरोबर वामनरावही बारीक होत गेले. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. पेज भरवताना "मोज" म्हणाले, तेव्हा तिनं त्यांची रुंदी मोजली. वीतभर भरली.

ताम्हणाला कळ्या आल्या. तीन वर्षं लागतील असं मामा म्हणाले होते.

"आज खोली चारच बोटं उरलीय," तिनं नर्सरीत जाऊन सांगितलं. "उद्या ह्यांना कुठं ठेवू?"

"कर्त्याचा हात टेकवा. घर फार लांब गेलंय, आता कोपरापासून नाही, खांद्यापासून धरा. झाडापासून दहा वेळा. दहावा पायरीला लागला की थांबतं घर."

"त्यांचा हात उचलत नाही, मामा."

"उचला तुम्ही. हात त्यांचा असला म्हणजे झालं."

दुपारी तिनं वामनरावांना बांबूसकट खांद्यावर घेतलं आणि दारांतून तिरकं तिरकं करत बाहेर आणलं. रोप आणतानासुद्धा इतकं हलकं लागलं नव्हतं. आळ्याच्या कडेला त्यांना उताणं निजवून तिनं त्यांचा उजवा हात उचलला आणि जमिनीला टेकवला.

"एक," ती म्हणाली.

"मोज," वामनराव म्हणाले.

दोन. तीन. दर हाताला ती त्यांना काखांत हात घालून पायरीकडं ओढत होती. त्यांचं तोंड झाडाकडं राहील एवढं मात्र बघत होती. सहाव्या हाताला त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं. नवव्याला तिला धाप लागली. दहावा हात तिनं नीट सरळ केला, बोटं ताणली, आणि ती पायरीला लागणार तेवढ्यात घर त्या दिवसाची चार बोटं सरकलं.

कुमुदनं विचार केला नाही. मधल्या फटीत आपला तळवा पालथा घातला. चार बोटं, बरोब्बर बसली. एका अंगाला वामनरावांच्या बोटांची टोकं, दुसऱ्या अंगाला थंडगार पायरी.

घर थांबलं.

"कुमुदताई!" नंदाताईंचा आवाज घरावरून आला. "थांबलं हो तुमचं! आमची भिंत गप्प झाली बघा. सुटलात. या आता चहाला."

"हात गुंतलाय हो," कुमुद म्हणाली.

ती ओणवी होती. झाड तिच्या पाठीमागं होतं. मान कितीही वळवली तरी स्वतःच्या खांद्यापलीकडचं दिसत नव्हतं. वामनरावांचे डोळे मात्र सताड उघडे होते आणि त्यांत काहीतरी जांभळं हलत होतं.

"फुललंय का हो?" तिनं विचारलं. "किती झुपके आहेत?"

"मोज."

एकदाच, जरासं वळून बघावं म्हणून तिनं करंगळी उचलली. पायरी बोटभर मागं गेली. कुमुदनं करंगळी पटकन खाली टेकवली आणि उरलेल्या जागेत अंगठा घातला.