पाटीला न दिसलेला कोपरा

मी थापी बोलतेय. गवंड्याच्या हातात असते तीच. फक्त माझ्या नशिबी सिमेंट नाही, जुनी माती आली. शहरात जुनी इमारत पाडली की नवी उभी राहण्याआधी जमिनीखाली काय गाडलंय ते शोधायचं, हे माझ्या मालकिणीचं काम. बावीस वर्षं घासून घासून तिनं मला निम्मी करून टाकलंय. तिच्या गुडघ्यांचंही तेच झालंय, त्यामुळे आमचं पटतं.

मग तिचा दीर कामावर आला, हातात टॅब नावाची काचेची पाटी घेऊन. पूर्वी कागदावर नकाशा काढायला दोन दिवस जायचे. आता हा खड्ड्याभोवती फिरून तीनशे फोटो काढतो आणि पाटीवर अख्खा खड्डा गरागरा फिरवून दाखवतो. मला पहिल्या दिवसापासून संशय. जिनं कधी मातीला हात लावला नाही, तिला मातीतलं काय कळणार? तिचा चेहरा मऊ फडक्यानं पुसतात, मला पँटला. जळते म्हणा हवं तर.

परवा दोन दुकानांमधल्या प्लॉटवर शेवटचा कोपरा राहिला होता. तपासणी झाल्याची मालकिणीची सही मिळाली की दुपारी काँक्रीट ओतायचं होतं. एकदा ओतलं की खालचं कायमचं गेलं. बिल्डरचा इंजिनिअर घड्याळ बघत उभा.

"वहिनी, कोपरा कोरा आहे. करा सही," दिरानं पाटी पुढे केली.

मालकिणीनं सवयीनं मला एकदा जमिनीवरून ओढलं. इतका वेळ खरखरणारी मी एकदम गप्प झाले. माती मऊ होती, म्हणजे इथं काहीतरी वेगळं होतं.

"भावजी, फोटोआधी पाणी शिंपडलंत?"

"पाणी? कॅमेऱ्यावर उडतं हो!"

"अहो, सुकी माती सगळी सारखीच दिसते. ओली केली की रंग उठतात. हे तुमच्या दादांनासुद्धा माहितीये, आणि ते बँकेत आहेत!"

झारी आली. पाणी पडलं आणि कोपऱ्यात काळं वर्तुळ उमटलं. मी हलकेच खरवडलं: राख, आणि तिच्याभोवती भाजलेले तीन दगड.

"एका चुलीसाठी काम थांबवणार, मॅडम?" इंजिनिअर वैतागला.

"सही माझीच लागते ना? मग ती उद्या सकाळी मिळेल."

एवढ्या वेळात हातानं नकाशा झालाच नसता. दिरानं ओल्या मातीचे फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत राखेच्या कडेसकट चूल पाटीवर उतरली. सकाळी सही झाली, काँक्रीट पडलं. दगड पेटीत आहेत, राख पुडीत. पण मांडलेली चूल आता फक्त त्या पाटीत आहे.

माझा भरवसा अजून बसलेला नाही. काय सांगावं, एक दिवस ती उघडायचीच नाही. त्यात दीर नवी पाटी घेणार असं कानावर आलंय. भावजी, खुशाल घ्या. पण जुनी टाकण्याआधी तिच्यातली चूल तेवढी नीट उतरवून घ्या. मला ती पुन्हा खणून काढता येणार नाही.