फिकट झुबका

"मी चष्मे विकते, मला रंग कळतो. लाल म्हणून दिलंत, आणि हे बघा, तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखं."

चष्म्यांच्या दुकानातल्या बाईंनी होयाची कुंडी काउंटरवर आदळली नाही. पण ठेवताना आवाज होईल, एवढी काळजी मात्र घेतली. जाड पानांच्या त्या वेलीला छत्रीसारखा एकच झुबका आला होता. मेणाच्या चांदण्या असाव्यात तशी फुलं, सगळी फिकट गुलाबी. आणि वेलीला लाल फीत.

काउंटरमागे बसलेल्या मोठ्याबाईंनी आधी फितीकडे पाहिलं, मग मुलाकडे. रोपवाटिका मुलाची होती.

मुलगा हसला. गिऱ्हाइकासाठी त्याच्याकडे वेगळं हसू होतं, लोण्यात घोळवलेलं. त्याने बाईंना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, पाच मिनिटांत उलगडा करतो म्हणाला आणि प्लॅस्टिकचा पडदा सारून मागच्या काचघरात गेला. तिथे त्याची बायको कलमं लावत होती.

होया फुलायला दोन-तीन वर्षं घेते, म्हणून रोपं फुलाआधीच विकली जात. कुठल्या रंगाच्या वेलीचं कलम आहे, ते फितीवरून कळायचं. फिती बांधणं सुनेचं काम. हे रोप विकलं त्या आठवड्यात मात्र तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं, म्हणून मोठ्याबाईंनीच सगळ्या फिती बांधल्या. मनगट कशाने सुजलं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. फिती कुणी बांधल्या, हे मुलाला कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्याआड पहिली कुंडी फुटली.

मोठ्याबाईंचा हात सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि पाण्याचा पंप सुरू झाला. पंपाच्या घरघरीत बरंच काही बुडतं, हे त्यांना सून घरात आली त्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. इथल्या झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी मिळायचं, ते त्यामुळे.

"वेल ठेवली कुठे होतीत?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

न्हाणीघरात, बाई म्हणाल्या. खिडकी हातरुमालाएवढी, पण ऊब छान, पानं बघा कशी तुकतुकीत.

मग मोठ्याबाई बोलत सुटल्या. अंधार आणि ऊब मिळाली की ही वेल फिकी फुलते. भरपूर उजेड आणि थोडी थंड हवा मिळाली, तर तीच सुकल्या रक्तासारखी गडद होते. सुनेने एकाच वेलीची दोन कलमं करून एक पुढच्या काचेत आणि एक आत कपाटाजवळ ठेवलं होतं, ती एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत अशी फुलली. फुलं गळली तरी तो देठ कापू नका, पुन्हा त्याच देठावर येतात. फीत बरोबर होती. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. हे आत जाऊन सांगायला बारा पावलं पुरली असती.

आत लाकडी बाक फरफटला. पाठोपाठ एक आवाज आला, तो मातीचाही नव्हता आणि लाकडाचाही नव्हता. पडद्यावर आतून एक पंजा उमटला, प्लॅस्टिक ताणलं गेलं, आणि पंजा घसरत खाली गेला.

"साधी फीत बांधता येत नाही तुला?"

मोठ्याबाई कान देऊन थांबल्या. फिती आईंनी बांधल्या, एवढंच सुनेने म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. पुन्हा तोच आवाज आला, तरी म्हणाली नाही.

चष्मेवाल्या बाई खुर्चीवरून उठल्या होत्या.

मुलगा हात पुसत बाहेर आला, ओठांवर तेच लोणी. फितींची गडबड झाली म्हणाला, दुसरं रोप देतो, अगदी गडद. मागच्या कुंड्या घसरल्या, हिला जरा लागलं. सून त्याच्यामागे उभी होती. केसांत माती, कानामागून मानेवर रक्ताचा ओघळ. डावा हात तिने अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळला होता आणि अ‍ॅप्रनवरचा डाग पसरत चालला होता.

"निसटली हातातून," ती म्हणाली.

बाईंनी तिचा हात पाहिला, चेहरा पाहिला, आणि मग अक्षरं वाचायला लावणाऱ्या माणसाच्या शांतपणाने मोठ्याबाईंकडे वळल्या.

"मावशी, काय झालं आत?"

उत्तरं जिभेवर तयार होती. धंद्याचा ताण, उकाडा, बापाविना वाढलेलं पोर. मोठ्याबाई काउंटर धरून उठल्या आणि मुलगा-सुनेच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं जेमतेम त्याच्या छातीला लागत होतं.

"फिती मी बांधल्या होत्या," त्या म्हणाल्या. "बरोबर बांधल्या होत्या."

"आई, तू आत जा."

"निसटलं काही नाही, बाई. हा मारतो हिला. सात वर्षं मारतोय. मी इथेच बसलेली असते."