पुष्पलताबाईंची चव

शरच्चंद्रानं पहिला घास घेतला आणि त्याचा हात ताटातच थांबला.

पोळ्यांचं टोपलं घेऊन उंबऱ्याशी उभी असलेली जयवंता मनात म्हणाली, कळलं याला. रस्स्याचा मसाला सकाळी करपला होता. कांदा-खोबरं भाजत असताना नळ आला, ती पाण्याचा गुंड घेऊन अंगणात धावली आणि परत येईतो कढईतून धूर निघत होता. घरात दुसरं खोबरं नव्हतं. मंडळी दारात येऊन ठेपली होती. तिनं तोच मसाला पाट्यावर वाटला आणि रस्स्यावर कोथिंबीर जरा जास्तच पेरली.

"तारा, खाऊन पाह्य," शरच्चंद्र बहिणीला म्हणाला.

तारानं बेसनाच्या पाटोडीचा तुकडा रस्स्यात बुडवून तोंडात टाकला. मग ती मान खाली घालून बसली, ती बराच वेळ वर बघेना.

"आईचा आहे," ती शेवटी म्हणाली. "मावशी, हा आईचा रस्सा आहे."

जयवंता या दोघांची सावत्र आई. त्यांची आई पुष्पलताबाई गेल्यावर वर्षभरानं ती त्यांच्या वडिलांच्या, वामनरावांच्या घरी, नंदनवन वस्तीत आली, तेव्हा शरच्चंद्र कॉलेजात होता आणि तारा शाळेत. आता शरच्चंद्र मौद्याला मास्तर होता, तारा कन्हानला दिली होती. दर रविवारी दोघं जेवायला येत. जयवंता गुरुवारपासूनच त्या जेवणाच्या विचारात असे. शरच्चंद्राला डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट लागे. त्याची बायको सुहासिनी पुण्याकडची, तिच्यासाठी गूळ घातलेली आमटी वेगळी. ताराला वांगं चालत नसे. वामनराव तेवढे, जे ताटात पडेल ते मुकाट्यानं जेवत. त्यांचा विचार करावाच लागत नसे.

पण पाटोडीचा रस्सा केला की दोन्ही मुलं छान झाला म्हणत आणि एकमेकांकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ जयवंताला पहिल्याच वर्षी कळला होता. तेव्हापासून तिनं खसखस वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. धने आधी भाजले, नंतर भाजले. जिचा एक घासही कधी आपल्या तोंडात गेला नाही, ती चव ती मुलांच्या चेहऱ्यांवरून शोधत होती. भर दुपारी एकटीच शेगडीपुढे बसली की ती विचारी, "ताई, काय टाकत होत्या तुम्ही यात?" आणि उत्तर येईल अशा भीतीनं मोठ्यानं भांडी घासू लागे.

आज मुलांनी रस्सा मागून मागून घेतला. सुहासिनीनंसुद्धा नाक पुसत दोन पाटोड्या खाल्ल्या. आई कशी होती, काय म्हणायची, कशी हसायची, यावर भावंडं बोलत राहिली. पुष्पलताबाई जणू त्यांच्याच पंगतीत येऊन बसल्या होत्या. पोळी कुणाच्या हातून ताटात पडते आहे, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. निघताना तारा एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी हाच कर वं मावशी. मी लवकर येतो, मले शिकव."

सगळे गेल्यावर जयवंता जेवायला बसली. तिनं रस्सा चाखला. घशाच्या मागच्या बाजूला एक कडसर चव उतरली आणि तिथंच राहिली. यासाठी आपण इतकी वर्षं घालवली? तिला काही उमजेना. मग वामनरावांच्या ताटाकडे तिची नजर गेली. त्यांची रस्स्याची वाटी भरलेलीच होती.

वामनराव दारात येऊन उभे होते.

"मसाला करपला होता न?"

"हो. नळ आला होता."

"तिचाही करपे." ते भिंतीला टेकून खाली बसले. "शेवटची दोन-तीन वर्षं. भाजता भाजता दम लागे तिले. कढई तशीच टाकून मागच्या ओट्यावर जाऊन बसे. श्वास जागेवर आला का येऊन पाणी ओते त्यात. पोरांले काय माहीत? त्यांले तीच आईची चव वाटे."

"मंग मले काहून नाही सांगितलं? बारा वर्षं झाली, मी पाहूनच राहिली काय कमी पडते म्हणून."

"तुह्या रस्स्यात काही कमी नव्हतं," वामनराव म्हणाले. खाली बघतच त्यांनी पुढचं सांगितलं. "तो वास आला का मले तिचा श्वास ऐकू येते वं. घास उतरत नाही."

जयवंतानं त्यांची वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

तो आठवडा तिला जड गेला. खोकल्याचा आवाज शेजारच्या घरातून आला तरी ती दचके. मुलांना सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. मग ताराची ती खाली गेलेली मान आठवली आणि तिनं गुरुवारी दोन पातेल्यांचा हिशेब धरून खोबरं आणलं.

रविवारी तिनं आधी वामनरावांचा रस्सा केला. मसाला बदामी होताच उतरवला, वाटला, पातेलं झाकून बाजूला ठेवलं. मग दुसऱ्यांदा कढई चढवली. तारा तोवर येऊन तिच्याजवळ बसली होती. कांद्याच्या कडा काळ्या पडू लागल्या, धूर वर चढला.

"मावशी, लागून राहिलं न ते," म्हणत तारानं सांडशीकडे हात नेला.

जयवंतानं तो हात धरला. "थांब जरा."

"करपून जाईल."

"थांब."

धूर छताला लागला. तारा खोकली, तिनं डोळे चोळले आणि मागच्या दाराकडे पाहिलं. "शाळेतून आली का घरात असाच धूर राहे," ती हळूच म्हणाली. "आई ओट्यावर बसून राहे. मले वाटे, माही वाट पाहून राहिली."

जयवंतानं ताराचा हात सोडला नाही. मागचं दार उघडं होतं आणि ओट्यावर ऊन पडलं होतं. कुणाचा तरी श्वास जागेवर यायला लागावा, तेवढा वेळ त्या दोघी तशाच बसून राहिल्या. मग जयवंतानं तांब्या उचलला आणि कढईत पाणी ओतलं.