सात महिन्यांची पावती

बन्सीधरनानांनी आश्रुबाच्या पावतीवर रकमेच्या जागी 'माफ' असं लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि पावती फाडून त्याच्या हातात ठेवली. आश्रुबानं ती कपाळाला लावली आणि खाली मान घालून तो निघून गेला.

नाना खुशीत होते. पेडगावच्या व्हॉलीबॉल क्लबचे ते चिटणीस. वर्गणी सगळ्यांना सारखीच, वर्षाला सहाशे. पण ऊसतोडीला जाणारे खेळाडू पाच महिने कारखान्यावर असतात, त्यांनी पूर्ण वर्षाचे पैसे का भरावेत? नानांनी समितीत चार बैठका डोकं खाल्लं आणि तोडवाल्यांची वर्गणी माफ करून घेतली. असं पुण्य पदरात पडलं की माणूस जरा ताठ चालतो. नानाही चालत होते.

आश्रुबा क्लबचा शूटर. हात जेवढा जोरात चाले, त्याहून तोंड जोरात. बागायतदार रामप्रसादनं सर्व्हिस बाहेर मारली तर त्यालासुद्धा तो सोडत नसे. पण माफीनंतर दोन दिवस तो मुकाट खेळला. कुणी चूक केली तरी हसून बाजूला झाला. तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. झरीच्या संघाशी सामना आठ दिवसांवर आला होता, आणि आश्रुबाशिवाय झरीला हरवणं हे काही खायचं काम नव्हतं. नानांची झोप उडाली.

अखेर एका सकाळी ते त्याच्या घरी गेले. आश्रुबा अंगणात दोर वळत बसला होता. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, चहा ठेवला.

"खेळायला येईनास काहून? राग आलाय का?"

"राग कशाचा, नाना. तुमी तर लय केलंत आमच्यासाठी."

आश्रुबा दोराकडेच बघत राहिला. शेवटी पंचफुलाच बोलली.

"घरात लय बोलायलेत, मामा. नेट असं बांधलं, बॉल तसा मारला. म्हटलं, तितं जाऊन सांगा की. तर म्हनतेत, फुकटातल्या मानसानं कुनाला बोलावं?"

आश्रुबानं दोर खाली ठेवला.

"मी पाच महिने गावात न्हाई, तेवढं सोडा. बाकीचं घ्या की, नाना. फुकट नका ठेवू."

नानांना एसटीतले दिवस आठवले. तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. तिकीट काढलेला माणूस खिडकी लागत नाही म्हणून ड्रायव्हरपर्यंत भांडायला जातो, आणि फुकटात चढवलेला दारापाशी अंग चोरून उभा राहतो. हे रोज डोळ्यांनी पाहिलेलं, तरी आपल्याला कसं सुचलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी समिती बोलावली. रामप्रसाद वैतागला, आधी माफ करा म्हणून मागं लागलात, आता घ्या म्हणता, असं म्हणाला. नाना म्हणाले, जेवढा प्रवास तेवढं तिकीट. हा नियम तोडवाल्यांना, तसाच परभणीला शिकायला असलेल्या त्याच्या पोरालाही लागू. मग रामप्रसादची तक्रार राहिली नाही.

संध्याकाळी आश्रुबा मैदानावर आला. साडेतीनशे रुपये दिले. नानांनी लिहिलेली सात महिन्यांची पावती त्यानं नीट वाचली, चौघडी करून खिशात घातली. मग चप्पल काढून तो नेटपाशी गेला आणि मधोमध पंजानं दाबून बघितलं.

"नाना, हे नेट कुनी बांधलं? मधी चार बोटं खाली आलंय. असल्या नेटवर झरीवाले आपल्याला उभं फाडतेल."

रामप्रसाद नानांकडे बघू लागला, कारण नेट नानांनीच बांधलं होतं.

नाना खुर्चीवरून उठले, खांबापाशी गेले आणि गाठ सोडून दोरी ओढू लागले.

"अजून ओढा," आश्रुबा पलीकडून म्हणाला. "अजून."

नाना ओढत राहिले. गालातल्या गालात हसत होते, पण पाठ मैदानाकडे होती.